वज्रांग आणि वायुपुत्र : वऱ्हाडातील बलोपासनेची वाटचाल

मारुतिरायास आपल्याकडे अनेक नावांनी हाक मारली जाते. त्यांतील दोन नावे शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. एक बजरंग, म्हणजे वज्रांग. ज्याचे अंग वज्रासारखे कठीण आहे असा. दुसरे वायुपुत्र, ज्याची गती वाऱ्यासारखी आहे असा. द्रोणागिरी तळहातावर पेलणारा आणि एका उड्डाणात समुद्र ओलांडणारा देव एकच आहे. बळ आणि चपळाई ही दोन्ही एकाच देहात नांदू शकतात, हे आपल्या पूर्वजांनी या देवाच्या रूपाने मनाशी पक्के धरले होते.

देवळाच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत गाभाऱ्याबाहेरच्या उपासनेची, म्हणजे आखाड्यातील बलोपासनेची, हकीकत नमूद होणे उचितच आहे. वऱ्हाडात मारुतीचे देऊळ आणि आखाडा ही दोन स्थाने वेगळी मानली जात नसत. पहाटे मारुतीला पाणी घालावे, शेंदराचा टिळा लावावा आणि तसेच लंगोट कसून मातीत उतरावे, असा क्रम होता. पोळा आला, हनुमान जयंती आली की आखाड्याचे खेळ निघत. लाठी फिरे, दांडपट्टा चाले, लेझीम वाजे. त्या दिवशी गावाला कळे की वर्षभर कोणी काय कमावले.

मात्र एक शंका जुन्या काळापासून लोकांच्या मनात आहे. अंगात ताकद भरली की अंग जड होते, दंड फुगले की हात लवकर फिरत नाही, मांड्या भरल्या की पाय उचलत नाही, असे अनेक वडीलधारी माणसे सांगत आली. शंका सर्वस्वी खोटी नाही. नुसत्या ताकदीच्या मागे लागून आखडलेले पहिलवान प्रत्येक पिढीने पाहिले आहेत. लढणाऱ्याला ताकद हवी, पण डाव सुचताक्षणी अंग वळले पाहिजे, प्रतिस्पर्ध्याच्या कवेतून निसटता आले पाहिजे. ही तिन्ही अंगे एकत्र कशी राखावी, याचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या खर्ची पडल्या, आणि त्या शोधातील एक मोठे पर्व बडनेऱ्यापासून अवघ्या दोन-अडीच कोसांवर, अमरावतीत घडले.

जुना दाखला

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इसवी सनाच्या बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लांच्या करमणुकीचे, म्हणजे मल्लविनोदाचे, एक प्रकरण आहे. राजाच्या पदरच्या मल्लांनी कोणकोणते श्रम करावे, हे तेथे सांगितले आहे. भार उचलण्याचा तो भारश्रम. चालण्या-फिरण्याचा तो भ्रमणश्रम. पाण्यात पोहण्याचा तो सलिलश्रम. हातांच्या झटापटीचा व्यायाम निराळा, आणि खांबावरचा तो स्तंभश्रम.

ही यादी डोळ्यांखालून घातली असता एक गोष्ट सहज ध्यानी येते. भार उचलणे हा पाचांतील एक श्रम आहे, सर्वस्व नव्हे. दम वाढावा म्हणून चालणे, सर्व सांधे मोकळे व्हावे म्हणून पोहणे, अंग वळावे म्हणून खांब, अशी योजना त्याच्या जोडीला आहे. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या वस्तादांना हा तोल समजत होता, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

बाळंभटदादांची हकीकत

मध्यंतरी खांबाची ही विद्या मागे पडली. तिला पुन्हा वर आणण्याचे श्रेय दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांकडे जाते. त्यांच्याविषयीची परंपरागत कथा आखाड्याआखाड्यांतून सांगितली जाते. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन धिप्पाड मल्ल पुण्यास आले. पेशव्यांच्या दरबारात त्यांनी कुस्तीचे आव्हान दिले. त्यांचे शरीर पाहूनच कोणी पुढे होईना. बाळंभटदादा तेव्हा तरुण होते. त्यांनी आव्हान स्वीकारले आणि तयारीसाठी मुदत मागून घेतली. ते वणीच्या सप्तशृंगी देवीच्या गडावर गेले. तेथे त्यांनी उपासना मांडली. प्रत्यक्ष मारुतीने दृष्टान्त देऊन लाकडी खांबावरच्या पकडी त्यांस दाखवल्या, अशी श्रद्धा आहे. परत येऊन त्यांनी अलीला चीत केले, आणि गुलाबाने मैदान सोडले.

कथेतील दैवी भाग श्रद्धेचा आहे. तथापि तिच्यातील व्यायामशास्त्र विचार करण्याजोगे आहे. समोरचा मल्ल वजनाने भारी असता त्याच्याइतके वजन वाढवणे थोड्या मुदतीत शक्य नव्हते. दादांनी वजन वाढवले नाही. आपल्या देहाचे जे वजन होते तेच पूर्णपणे आपल्या ताब्यात आणले. वानर झाडावर जे करतो ते माणसाने खांबावर करायचे, ही मल्लखांबाची मूळ कल्पना. पुढे १८१८ साली पेशवाई गेली आणि बाजीराव ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरास, जाऊन राहिले. त्यांच्याबरोबर ही विद्याही उत्तरेस गेली. नानासाहेब पेशवे, तात्या टोपे आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांनी मल्लखांबाचे धडे घेतले होते, असे परंपरा सांगते.

खांबाचे मर्म

मल्लखांब सागाचा किंवा शिसवाचा असतो. जमिनीवर साधारण साडेआठ फूट उंच, खाली जाड आणि वर निमुळता. खालच्या भागास अंग, त्यावरच्या बारीक भागास मान आणि टोकावरच्या गाठीस बोंड म्हणतात. कापसाच्या मुलखातील माणसाला बोंड म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. खांबाला एरंडेल चोळतात. त्यामुळे कातडी सोलवटत नाही. पण पकड थोडी जरी चुकली तरी माणूस खाली घसरतो. अढी, तेढी, बगली, दसरंग, फरारे, वेल, सुईदोरा अशी उड्यांची आणि पकडींची घराणी आहेत. अढी म्हणजे मांड्यांनी खांब आवळून उलटे लटकणे. त्यात मांडीचे बळ लागते आणि त्याच क्षणी कंबर मोकळी असावी लागते. नुसत्या बळाचा माणूस खांबाला चिकटून बसतो, पुढची उडी त्याला साधत नाही. नुसता लवचीक माणूस घसरून पडतो. दोन्ही असतील त्यालाच खांब वर घेतो. खांबासमोर कोणाची लबाडी चालत नाही ती याच कारणाने.

आखाड्यातील इतर मेहनतीचेही तसेच आहे. जोर मारताना प्रथम ढुंगण वर उचलून टाचा मागे दाबल्या जातात, त्यामुळे पोटऱ्या व मांड्यांच्या मागच्या शिरा ताणल्या जातात. मग छाती दोन्ही हातांमधून जमिनीलगत पुढे काढून वर उचलावी लागते, तेव्हा पाठ धनुष्यासारखी वाकते. खांदा, छाती आणि दंड यांवर भार पडतो तो अंग पूर्ण ताणलेले असतानाच. बैठकीत गुडघा पूर्ण मिटतो आणि पूर्ण उघडतो. जोडी, म्हणजे मुद्गल, पाठीमागून गोल फिरवताना खांद्याचा सांधा चहूबाजूंनी फिरतो. भार आहे, पण अर्ध्यात अडवलेली हालचाल कोठेही नाही. ज्या स्नायूने ओढायचे त्याने ओढावे आणि त्याच्या विरुद्ध बाजूच्या स्नायूने त्याच वेळी सैल पडावे, ही सवय शरीराला लागते. वेगाचे रहस्य पुष्कळ अंशी याच सैल पडण्यात आहे. मेहनत संपल्यावर तेल लावून मालीश करण्याची आणि विसावा घेण्याची जी रीत होती, तिचाही हेतू अंग मोकळे राहावे हाच.

उलट जो केवळ हजारी बैठका मोजतो, तूपदूध रिचवतो, पण खांबाकडे व मोकळ्या झटापटीकडे पाठ फिरवतो, त्याचे वजन वाढते आणि चाल मंदावते. दोष ताकदीचा नसतो. एकच अंग वाढवून बाकीची उपाशी ठेवल्याचा असतो.

अमरावतीचे वैद्य बंधू

आता वऱ्हाडाकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडात राष्ट्रीय विचारांचे वारे जोरात होते. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीस भरले होते. लोकमान्य टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे हे अमरावतीचेच. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने सामान्य माणसाच्या हातातील शस्त्र गेले होते. हातात उरला तो देह आणि काठी. अशा काळात, १९१४ साली, अंबादासपंत वैद्य आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी अमरावतीत हनुमान आखाडा सुरू केला. त्यातूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले.

वैद्य बंधूंचे वेगळेपण असे की त्यांनी आखाड्याची शाळा केली. जुन्या वस्तादाची विद्या त्याच्या मर्जीने, एकेका शागिर्दाला, तुकड्यातुकड्याने मिळत असे. वस्ताद गेला की डाव गेले. मंडळाने लाठी, मल्लखांब, कुस्ती, लेझीम, योगासने हे सारे क्रमवार शिकवण्याची पद्धत बसवली. १९२४ पासून उन्हाळी सुटीत व्यायामशिक्षकांचे वर्ग सुरू झाले. निरनिराळ्या प्रांतांतून शिक्षक त्यासाठी अमरावतीस येऊ लागले. बडोद्यास प्रा. माणिकरावांनी जुम्मादादांच्या आखाड्याची परंपरा घेऊन सांघिक कवायतीचे असेच मोठे काम केले. त्याच बडोद्यात द. चिं. मजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत सिद्ध केले. वस्तादांच्या पोटात राहिलेली विद्या कागदावर आणि वर्गात आली, ती या पिढीमुळे.

येथे बडनेऱ्याचा संबंध येतो. मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला, तो बडनेऱ्यावरून. अमरावती शहर मुख्य मार्गापासून बाजूला राहिले आणि त्याला बडनेऱ्याहून फाटा जोडला गेला. त्यामुळे मुख्य मार्गाने अमरावतीस येणाऱ्याला बडनेऱ्यास गाडी बदलावी लागे. वळकटी आणि लोखंडी पेटी घेऊन दूरच्या प्रांतांतून निघालेल्या व्यायामशिक्षकांना वऱ्हाडाचे पहिले दर्शन घडे ते आपल्या फलाटावर. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांनीही तरुणपणी अमरावतीच्या या आखाड्यात शिक्षण घेतले होते.

परदेशी मैदानावर

१९३६ साली बर्लिन येथे ऑलिम्पिक सामने भरले. त्या वेळी मंडळाचे पथक तेथे गेले आणि कबड्डीसारखे देशी खेळ व भारतीय व्यायामप्रकार त्यांनी परदेशी प्रेक्षकांसमोर करून दाखवले. परक्या सरकारच्या अमलाखालील देशातून, एका जिल्ह्याच्या गावचे तरुण आपली विद्या घेऊन जगाच्या मैदानावर उभे राहिले, ही गोष्ट लहान नव्हे. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे लिंगियाड नावाचा व्यायाममहोत्सव भरला, तेथेही मंडळाचे पथक गेले.

हा महोत्सव ज्याच्या नावाने भरला तो पेर हेन्रिक लिंग हा स्वीडिश व्यायामाचा जनक होय. तो मूळचा तलवारबाजीचा शिक्षक होता. लढण्याची विद्या शिकवता शिकवता शरीर सुदृढ आणि मोकळे कसे राखावे, या प्रश्नाकडे तो वळला. वणीच्या गडावर बाळंभटदादांना पडलेला प्रश्न आणि स्वीडनच्या तलवारबाजाला पडलेला प्रश्न जवळजवळ एकच होता.

खाशाबांचे पदक

कुस्तीच्या मैदानावर या प्रश्नाचे लखलखीत उत्तर दिले ते कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी. १९४८ साली लंडन ऑलिम्पिकमध्ये ते हलक्या वजनाच्या गटात सहावे आले. मातीत घडलेल्या मल्लाला गादीवरची कुस्ती नवी होती. चार वर्षे त्यांनी पुन्हा मेहनत केली आणि १९५२ साली हेलसिंकी येथे ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळात मिळालेले ते पहिले ऑलिम्पिक पदक. खाशाबा उंचीने लहान, वजनाने हलके. पण त्यांच्या चपळाईची आणि ढाक डावाची ख्याती होती. थोराड देहाच्या बाबतीतही तोच दाखला मिळतो. प्रसिद्ध मल्ल गामाने १९२८ साली पतियाळा येथे पोलंडच्या झ्बिस्को या जगज्जेत्या मल्लास एका मिनिटाच्या आत चीत केले. एवढ्या अवजड कुस्तीचा निकाल इतक्या झटपट लागतो, तेव्हा तेथे ताकद आणि वेग एकत्र आलेले असतात.

शास्त्राची साक्ष

लोखंडी वजने उचलल्याने माणूस आखडतो, अशी समजूत पाश्चात्त्य देशांतही पक्की रुजलेली होती. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड कॉलेज ही व्यायामशिक्षणाची नामांकित संस्था. तेथे १९४० साली जॉन ग्रिमेक नावाचा बलदंड व्यायामपटू प्रात्यक्षिकासाठी आला. शरीरशास्त्राचे प्राध्यापक पीटर कार्पोविच यांचा वजनांवर विश्वास नव्हता. त्यांनी ग्रिमेकला पाठीच्या मधोमध खाजवून दाखवण्यास सांगितले. ग्रिमेकने ते सहज केले, आणि वर पाय पसरून जमिनीला टेकवूनही दाखवले. कार्पोविच यांनी हट्ट न धरता शोध घेतला. १९५१ साली त्यांनी आणि झॉर्बास यांनी ६०० पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्मे वजन उचलणारे, निम्मे न उचलणारे. हात गरगर फिरवण्याचा वेग यंत्राने मोजला, तेव्हा वजन उचलणाऱ्यांचे हात अधिक वेगाने फिरतात असे आढळले.

पुढील काळातील अभ्यासही याच दिशेने गेला आहे. सांधा पूर्ण फिरवून, भार हळूहळू वाढवून, मध्ये पुरेशी विश्रांती घेऊन केलेल्या बळाच्या व्यायामाने लवचीकपणा घटत नाही, पुष्कळदा वाढतो. मात्र ज्याला वेग हवा त्याने वेगाचाही सराव ठेवला पाहिजे. नुसती संथ ओझी उचलणाऱ्याला तो आपोआप मिळत नाही. म्हणजे लोखंडाला नावे ठेवण्याचे कारण नाही, आणि मातीला कालबाह्य म्हणण्याचेही नाही. मानसोल्लासातील पाच श्रमांची यादी आणि स्प्रिंगफील्डचे यंत्र यांची साक्ष एकमेकांशी जुळते.

आजची गरज

मल्लखांबाला पुढे चांगले दिवस आले. १९८१ साली उज्जैन येथे त्याची राष्ट्रीय स्पर्धा भरली. २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. खेलो इंडिया युवा क्रीडास्पर्धेतही त्याचा समावेश झाला. दोरीच्या मल्लखांबाने मुलींनाही या विद्येत मानाचे स्थान मिळवून दिले. अमरावतीचे मंडळ शंभरी ओलांडून उभे आहे.

पण गावचा आखाडा? बडनेऱ्याच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी मुले पुष्कळ दिसतात. शेतीचा भरवसा कमी झाला, तसा पोलीस आणि सैन्यभरतीकडे ओढा वाढला. महाराष्ट्र पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलाला १६०० मीटर धावायचे असते, १०० मीटर धावायचे असते आणि ७.२६० किलोचा गोळाही फेकायचा असतो. दम, वेग आणि बळ, तिन्हींची परीक्षा एकाच मैदानावर. जो केवळ धावतो तो गोळ्यात मागे पडतो. जो केवळ दंड भरतो तो धावण्यात. घरच्या परिस्थितीमुळे ज्याला ही एकच संधी आहे, त्या मुलाच्या दृष्टीने बळ आणि चपळाई यांचा मेळ हा पुस्तकातला प्रश्न राहत नाही. त्याच्या घरची चूल त्यावर अवलंबून असते. आणि त्याला शिकवणारा वस्ताद, तालमीची माती, पुरलेला खांब या गोष्टी पूर्वी देवळाच्या आवारातच, विनामूल्य मिळत होत्या.

जीर्णोद्धार म्हणजे जे जीर्ण झाले ते उचलून धरणे. शिखर नवे होते, गाभाऱ्यास फरशी बसते, रंग लागतो. दात्यांच्या औदार्याने हे सर्व घडते आणि ते घडलेच पाहिजे. त्याबरोबर आवाराच्या एका कोपऱ्यात दहा हात माती मोकळी राहिली, तिच्यात सागाचा एक खांब रोवला गेला आणि संध्याकाळी एखाद्या जाणत्या माणसाने तासभर मुलांपुढे उभे राहण्याचे मनावर घेतले, तर जीर्णोद्धार पुरा झाला असे म्हणता येईल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी याच जिल्ह्यातून प्रार्थनेबरोबर व्यायामाचाही आग्रह धरला होता. खांबाला खर्च थोडा, जागा थोडी. लागते ती सातत्याची श्रद्धा.

गाभाऱ्यात वज्रांग उभा आहे. बाहेरच्या मातीत वायुपुत्राची लेकरे पुन्हा खेळू लागावीत, आणि या गावच्या प्रत्येक घरी बळ, चपळाई व सद्‌बुद्धी एकत्र नांदावी, हीच मारुतिरायाच्या चरणी प्रार्थना.